बाळंतिणीचे पथ्य
तान्ह्याच्या शीमध्ये रक्ताची बारीक रेघ दिसली, की आईच्या ताटातील दूध, दही, तूप बंद करण्याचे फर्मान सुटते. परंतु आईच्या दुधातील दुग्धशर्करा तिच्या आहारावर मुळीच अवलंबून नसते, आणि संशय घ्यावयाचाच तर तो तिच्या आहारातून अंशरूपाने उतरणाऱ्या गाईम्हशींच्या दुधातील प्रथिनांचा, हे त्या फर्मानात कोठेही नमूद नसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली 2 ते 4 आठवडे हे पदार्थ वर्ज्य करून, लक्षणे ओसरल्यावर ते पुन्हा घेऊन पाहिल्याखेरीज या खटल्याचा निकाल लागत नाही. ही फेरतपासणीच बहुधा राहून जाते, आणि पथ्य विनाकारण लांबते. पथ्य चालू असेतो अळिवाची खीर नारळाच्या दुधातही उत्तम होते, नाचणीत कॅल्शियम विपुल असते. दगा देते ती बिस्किटांतील दूधभुकटी. अंगावरचे दूध तोडण्याची घाई मात्र वडीलधाऱ्यांनी करू नये.