जीवनाचा अर्थ आणि दापोडीचा कामगार

जीवनाला अर्थ आहे काय, हा पोट भरलेल्यांचा प्रश्न आहे, अशी समजूत कामगार चळवळीतही रूढ आहे. आधी भाकरी, मग तत्त्वज्ञान, असा क्रम लावला की कार्यकर्त्याची त्या प्रश्नातून सुटका होते. पण हा क्रम वस्तुस्थितीला धरून नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे, ही मागणी होती. अपुऱ्या आणि वेळेवर न मिळणाऱ्या पगाराने कर्मचारी गांजले होते. त्या काळात काहींनी आत्महत्या केल्या. जगणे जगण्याच्या लायकीचे आहे की नाही, हाच तत्त्वज्ञानाचा मूलभूत प्रश्न होय, असे आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाने १९४२ साली मांडले होते. एस. टी.च्या आगारांत तो प्रश्न त्याचा ग्रंथ वाचल्यावाचून विचारला गेला. भाकरीचा प्रश्न आणि अर्थाचा प्रश्न एकाच माणसाला एकाच रात्री पडतात.

दापोडीच्या एस. टी. मध्यवर्ती कार्यशाळेत या दोन प्रश्नांची गाठ नीट दिसते. गाड्यांची बांधणी आणि दुरुस्ती हे काम कष्टाचे, पुष्कळदा कंटाळवाणे. तरीही फिटरला ठाऊक असते की, त्याने हात लावलेली गाडी उद्या एखाद्या आडगावच्या मुलीला शाळेत आणि म्हातारीला बाजाराला नेणार आहे. कामगार आपल्या श्रमफलाला, सहकाऱ्यांना आणि स्वतःलाही परका होतो, हे मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत दाखवले. सार्वजनिक मालकीने हे परकेपण आपोआप नाहीसे होत नाही. परंतु श्रमाचा धागा समाजाशी जोडलेला दिसण्यास तिच्यात वाव असतो. भाडेतत्त्वावरील गाड्या आणि कंत्राटी माणसे यांच्या हिशेबात या धाग्याला रकानाच नाही. म्हणून तो तुटला तरी तोटा दिसत नाही.

मग जो निवृत्त झाला किंवा अंथरुणाला खिळला, त्याचे जीवन निरर्थक काय? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यात सापडते. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारून त्यांनी साप्ताहिक सुट्टीसाठी झुंज दिली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. आठवड्यातील एक दिवस यंत्राचा नव्हे, माणसाचा आहे, हे त्या सुट्टीने मान्य करून घेतले. माणसाची किंमत त्याच्या उत्पादनापुरती नाही, हाच त्याचा आशय.

जीवनाचा अर्थ कोणताही पक्ष कोणाला देऊ शकत नाही. तसा दावा करणाऱ्या पक्षापासून सावध राहावे. मात्र तो शोधण्याची साधने, म्हणजे वेळेवर पगार, हक्काची फुरसत आणि आपले काम कशासाठी व कसे चालावे यावर बोलण्याचा अधिकार, हा वाटपाचा प्रश्न आहे. पहिल्या दोन मागण्या प्रत्येक मागणीपत्रकात असतात. तिसरी क्वचितच असते. ती लिहिण्यास दापोडीच्या फाटकापासून आरंभ करता येईल.