मुदत नसलेली प्रतीक्षा

मुदत ठेवीच्या पावतीवर देय दिनांक छापलेला असतो. हुंडीलाही मुदत असते. व्यापारी माणूस वाट पाहण्यास कचरत नाही. कशाची आणि किती दिवस, एवढे त्यास ठाऊक असले की पुरे. दीर्घकालीन आजाराने ग्रासलेला रुग्ण सरकारी संशोधनाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा मात्र त्याच्या हाती अशी कोणतीही पावती नसते.

अमेरिकेतील एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हा आजार अनेकदा एखाद्या संसर्गानंतर जडतो. विश्रांतीने थकवा जात नाही. किरकोळ श्रमानंतरही, कित्येकदा दुसऱ्या दिवशी, प्रकृती ढासळते आणि काही दिवस सावरत नाही. नेहमीच्या तपासण्यांत बहुधा दोष सापडत नाही. तेथील 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'च्या २०१५ मधील अहवालाने अशा अमेरिकी रुग्णांची संख्या ८ लाख ३६ हजार ते २५ लाख असल्याचा अंदाज दिला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' या सरकारी संस्थेने सखोल अभ्यास जाहीर केला. त्याचा मुख्य शोधनिबंध २१ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. मध्ये आठ वर्षांहून अधिक काळ लोटला. अंतिमतः अभ्यासलेले रुग्ण होते १७ आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी व्यक्ती २१.

आकडे प्रथमदर्शनी खटकतात. तथापि संशोधकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. २१७ जणांची सविस्तर छाननी झाली, त्यांतून २७ जणांना प्रत्यक्ष तपासले आणि १७ जणांच्या निदानावर तज्ज्ञांचे एकमत झाले. मेंदूचे चित्रण, पाठीच्या कण्यातील द्रवाची चाचणी, स्नायूंचे नमुने, असे कसून परीक्षण झाले. २०२० च्या महामारीने नवे रुग्ण घेणेही थांबले. घाईने जुळवलेला ताळेबंद काय कामाचा? मेंदूचे कार्य, प्रतिकारशक्ती आणि कण्यातील द्रवातील रसायने यांत फरक आढळले. आजार शरीरात आहे, यास आधार मिळाला. परंतु 'श्रमाविषयीचा कल' या आशयाच्या एका संज्ञेने अनेक रुग्ण दुखावले. त्यात त्यांना जुन्याच संशयाचा सूर ऐकू आला.

माझा आक्षेप विलंबाला नाही, विलंबातील मौनाला आहे. बँका दर तिमाहीस आपले निकाल जाहीर करतात. वर्ष संपण्याची वाट पाहत नाहीत. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनानेही काम कुठवर आले, कशामुळे अडले, हे ठराविक काळाने सांगावे. व्याजाचा दर ठरवून बुडालेल्या दिवसांची भरपाई करता येते; तिशीतल्या रुग्णाची आठ वर्षे कोणत्या दराने भरून द्यावयाची?

हा प्रश्न परदेशापुरता नाही. तापातून उठलेला तरुण मुलगा महिनोन्महिने दुकानात तासभरही बसू शकत नाही, सून दुपारी उठू शकत नाही, आणि अहवाल मात्र 'नॉर्मल' येतात. मग घरातच कुजबुज सुरू होते: अंगचोर आहे, मनाचे खेळ आहेत. 'रोज थोडे जास्त चाल' असा सल्ला मिळतो. वस्तुतः ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मधील मार्गदर्शिकेत, ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या आजारासाठी देऊ नये, असे स्पष्ट केले आहे. पंडुरोग, थायरॉइड अशी अन्य कारणे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीतच. ती नसली म्हणून माणूस खोटा ठरत नाही.

पेढीवर आपण अनोळखी ग्राहकालाही उधार देतो, ते त्याच्या शब्दावर. घरच्या आजारी माणसाच्या शब्दाला त्याहून कमी पत असू नये. संशोधनाचा निकाल येईल तेव्हा येईल. विश्वास ठेवण्यासाठी त्याची वाट पाहावी लागत नाही.