अंगणातले आगंतुक

मंडळी, या विषयावरचं माझं मत घरात कुणाला पटत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आमच्या धाराशिवात घरोघरी अंगण साफ करायची घाई सुटते. आपण लावलेलं तेवढं ठेवायचं, बाकी सगळं 'गवत' म्हणून उपटून टाकायचं. हल्ली तर खुरप्याचाही कंटाळा, तणनाशक फवारलं की झालं. (त्याच्याही पुढची पायरी म्हणजे सरळ फरशी!) माझं म्हणणं असं की जे रोप आपण ओळखत नाही, त्याचं नाव कळेपर्यंत ते उपटू नये. आणि याच्याच जोडीचं दुसरं म्हणणं, नाव कळलं असं वाटलं म्हणून लगेच कढईतही टाकू नये.

ही रोपं येतात कुठून? काही शेणखतातून येतात, काही नर्सरीच्या पिशवीतल्या मातीतून. काही पक्ष्यांच्या विष्ठेतून, काही वाऱ्यावर. आघाड्यासारखी काही तर आपल्याच साडीला चिकटून घरापर्यंत येतात. जेमतेम दोन खाटा मावतील एवढी मोकळी माती आमच्या घरापुढे आहे, पण दर पावसाळ्यात तिथे पंधरा-वीस जातींची आपोआप उगवण होते. मी त्यांना आगंतुक म्हणते. आमचे हे म्हणतात, 'आगंतुकाला चहा पाजून वाटेला लावायचं असतं, मुक्काम द्यायचा नसतो.' असो.

आता कुणी म्हणेल, यात काय अवघड आहे, फोन धरला की नाव येतं. नातवाने माझ्याही फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं आहे. मी ते रोज वापरते आणि मला ते आवडतं, उगाच नावं ठेवणार नाही. पण एकाच रोपाचे तीन बाजूंनी फोटो काढले तर ते तीन नावं सांगतं हेही खरं. त्याचा दोष नाही. आपण त्याला एक पान दाखवतो आणि जातकुळी विचारतो. वनस्पती ओळखायची तर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ तोडला की चीक येतो का, वास कसा, खोड चौकोनी की गोल, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फूल आणि फळ, हे सगळं बघावं लागतं. वनस्पतिशास्त्राची वर्गवारी मुख्यतः फुला-फळांवर उभी आहे. म्हणजे ओळख पटवायची तर फूल येईपर्यंत थांबणं आलं, आणि आपण तर पानं दिसताच खुरपं घेतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. शेजारची सून (माझीच विद्यार्थिनी, त्यामुळे अजून 'बाई' म्हणते) मूठभर पाला घेऊन आली. सासऱ्यांच्या पायाला सूज होती. व्हॉट्सॲपवर आलं होतं की पुनर्नवेचा काढा सुजेवर चालतो, आणि फोनने पाल्याचं नाव पुनर्नवा सांगितलं होतं. तेवढ्यात आमच्याकडे खुरपायला येणाऱ्या मावशींनी पाहिलं आणि म्हणाल्या, 'घेटुळी हाय की ही, बाई.' झालं! दोन साक्षी जुळल्या. पण गंमत अशी की आपल्याकडे घेटुळी हे नाव दोन वेगळ्या झाडांना चालतं. एक खरी पुनर्नवा आणि दुसरा खापरा, ज्याला विषखापरा किंवा पांढरी घेटुळी म्हणतात. दोन्ही जमिनीलगत पसरतात, दोन्हींच्या पानांच्या जोडीत एक पान मोठं, एक लहान. फूल पाहिलं तर मात्र घोटाळा होत नाही. पुनर्नवेची बारीक गुलाबी फुलं लांब दांड्यावर झुबक्याने येतात आणि फळं हाताला चिकटतात. खापऱ्याचं फूल पानाच्या बगलेत, देठाशी चिकटून एकेकटं बसतं, आणि पानंही जास्त मांसल. पुनर्नवेचं मूळ उन्हाळ्यात जमिनीत जिवंत राहतं आणि पावसाबरोबर पुन्हा नवी होते, म्हणून तर ते नाव. खापरा एका हंगामाचा.

तिच्या हातात होता तो खापरा. कोवळा असताना काही ठिकाणी त्याची भाजी करतात, पण जून झालेला खाल्ला तर जुलाब लागतात असं जाणती माणसं सांगतात. म्हाताऱ्या माणसाला आधीच सूज, त्यात हे. मी तिला सांगितलं, काढा राहू दे, आधी डॉक्टरांकडे ने. पाय सुजण्यामागे हृदय असू शकतं, मूत्रपिंड असू शकतं, त्याचं निदान अंगणात होत नाही. खरी पुनर्नवा असती तरी मी हेच सांगितलं असतं.

यात मावशी चुकल्या का? मला तसं वाटत नाही. त्यांनी त्यांच्या भाषेतलं नाव बरोबर सांगितलं. बोलीतली नावं उपयोगावरून, रूपावरून, कधी नुसत्या गमतीने पडलेली असतात, ती एकास एक जुळत नाहीत. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे मला या नावांचाच जास्त नाद. गाजरगवत घ्या. ते ना गाजराचं, ना गवत. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. पिवळा धोतरा हा धोतराच नाही, तो अफूच्या कुळातला. एकदांडी तर मूळची अमेरिका खंडातली, पण इथे येऊन तिला दगडीपाला, कंबरमोडी, जखमजोडी अशी इतकी मराठी नावं मिळाली आहेत की माहेर परदेशी आहे असं कुणाला वाटणार नाही! टाकळ्याला आमच्याकडे तरोटा म्हणतात, आणि तरवड हे मात्र वेगळंच झुडूप. शास्त्रीय नावं स्थिर असतात म्हणावं तर तीही बदलतात. टाकळा आधी कॅसिया टोरा होता, आता सेन्ना टोरा आहे. (आमच्या जिल्ह्याचं नावही 2023 मध्ये बदललं, तेव्हा आम्हाला याचं आश्चर्य नाही.)

म्हणून माझा आग्रह असा की फोनचं नाव आणि मावशींचं नाव, दोन्ही शेजारी-शेजारी लिहून ठेवावीत. एकाने दुसऱ्याला खोटं पाडायचं नाही. मावशींना माहीत असतं ते फोनला माहीत नसतं. कुठली भाजी कोवळी खायची, कुठली शिजवून पाणी टाकून द्यायचं, कुठली शेळीसुद्धा तोंडात घेत नाही. घोळ आणि नायटी हे मी त्यांच्याकडूनच शिकले. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्हींचं खोड तांबूस. मावशी काडी मोडतात. दुधासारखा चीक आला तर ती नायटी, टाकून द्यायची. पाणी आलं तर घोळ. तसंच माका. एकदांडीलाच माका समजून तिचं तेल उकळणारे लोक मी पाहिले आहेत. माक्याचा पाला चुरगाळला की थोड्या वेळाने हात काळा पडतो, एकदांडीने पडत नाही.

हे सगळं ज्ञान खुरपणीतून आलेलं आहे. शेतात तासन्‌तास वाकून एकेक रोप हाताने उपटणाऱ्या बाईला ते रोप ओळखावंच लागतं, नाहीतर पिकाचंच रोप उपटलं जायचं. आता आमच्याकडे बघावं तिकडे सोयाबीन, आणि सोयाबीनमध्ये तणनाशक. चिगळ, कुंजर, पाथरी, तांदुळजा बांधावरूनही कमी झाले. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि तरोट्याचा पाला खाल्लेली आमची पिढी. आमच्या सुनांना तरोटा दाखवला तर त्या 'किती गोड पानं' म्हणतात, पण नाव सांगता येत नाही. त्यांना तरी कुणी कधी दाखवलं?

काही जण विचारतील, सगळंच राखायचं तर गाजरगवतही राखायचं का? नाही, मुळीच नाही. इथे माझ्याच नियमाला अपवाद करावा लागतो. हे गवत भारतात पसरल्याची शास्त्रीय नोंद 1956 साली झाली ती पुण्यातली, आणि अमेरिकेहून आलेल्या गव्हातून ते आलं असं सांगतात. काँग्रेस गवत हे नाव त्याच काळाचं. अंगाला लागलं की खाज, पुरळ, कुणाला परागकणांनी दमा. एक झाड हजारोंनी बी टाकतं, म्हणून ते फूल येण्याआधीच, हातात पिशवी घालून मुळासकट काढायचं. म्हणजे बाकीच्यांची ओळख फुलावर आणि याची मात्र फुलाआधी! जमिनीला चिकटून गोल पसरलेली, फिकट हिरवी, खोल कातरलेली, बारीक लव असलेली पानं, आणि चुरगाळली तर गाजराचा वास नाही, अशी खूण ठेवा. त्यावर पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. याच गवतासाठी ते मेक्सिकोहून आणवून 1984 मध्ये बंगळुरूला सोडले होते, ते आता आपल्याकडेही पोचले आहेत. आमच्या गल्लीत एकाने त्यांच्यावरच कीटकनाशक मारलं!

आणि विषारी झाडांबद्दल तर मी शाळेत असतानाही फार कडक होते. मराठीच्या तासाला आधी दहा मिनिटं कुंपणाची ओळख करून द्यायची, मग धडा. मोगली एरंड, म्हणजेच चंद्रज्योत, याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मुलं खातात आणि उलट्या करत दवाखान्यात जातात. महाराष्ट्रात कुठल्या ना कुठल्या शाळेची अशी बातमी अधूनमधून येतच असते. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आम्ही लहानपणी खेळायचो, पण आतली बी हृदयावर परिणाम करते. गुंजेची लाल-काळी बी दिसायला सुंदर, चावली तर जीवघेणी. धोतरा महादेवाला चालतो, माणसाला नाही. पिवळ्या धोतऱ्याचं बी मोहरीसारखंच, फक्त नीट पाहिलं तर त्यावर बारीक जाळी असते. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली तेव्हा कितीतरी माणसं सुजून आजारी पडली आणि कित्येक दगावली. कुंपणावर झाड असायला माझी हरकत नाही. मुलाला त्याचं नाव माहीत नसायला आहे.

कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, ते मला चांगलं वाटतं, कारण तिथे भाजी घेऊन बसलेली बाई समोर असते, तिला विचारता येतं. फोनवर फिरणारे 'ही भाजी खा, साखर पळवा' छापाचे निरोप मात्र मी वाचल्याबरोबर पुसते. त्यात फोटो एकीचा, नाव दुसरीचं आणि गुण तिसरीचे असतात.

पूर्वी ही ओळख सणांतून होत असे. जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ, गणपतीला एकवीस पत्री. माका, डोरली, रुई, शमी, विष्णुक्रांता, आघाडा... लहानपणी आई आम्हाला परडी देऊन पाठवायची आणि चुकीचं पान आणलं तर परत पाठवायची. परीक्षाच ती! आता बाजारात पत्रीची जुडी मिळते, सोडून बघितली तर निम्मी पानं कुठल्याशा शोभेच्या झाडाची. देवाला चालत असेल. मला ती एक शाळा बंद पडल्यासारखी वाटते.

आपल्या जिल्ह्याचं एक भाग्य मात्र थोड्या लोकांना ठाऊक आहे. इंग्रजांच्या काळात थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात काढला, पण आम्ही निजामाच्या मुलखात, त्यामुळे आमचं गवत त्यात आलंच नाही. ती उणीव पुढे मराठवाड्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांनी भरून काढली. 1979 मध्ये त्यांचा 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' औरंगाबादहून निघाला, तेव्हा लातूर आमच्यातच होतं, ते 1982 मध्ये वेगळं झालं. मग 1998 मध्ये सबंध मराठवाड्याचा त्यांचा ग्रंथ आला. एका दुष्काळी जिल्ह्यावर एवढं काम! पण ते इंग्रजीत आणि शास्त्राच्या भाषेत, अभ्यासकांसाठी. खुरपणाऱ्या मावशींच्या किंवा चौथीतल्या मुलाच्या उपयोगाचं पुस्तक अजून करायचं राहिलं आहे.

तालुक्या-तालुक्यातल्या शिक्षकांनी मनावर घेतलं तर अवघड नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांनी घराजवळची पाच रोपं आणायची, आजीला नाव विचारायचं, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, खाली गाव, तारीख आणि फुलाचा रंग लिहायचा. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्षातून एक दिवस बसून शास्त्रीय नाव तपासून द्यायचं. भूम-परंड्याकडचं नाव उमरग्याकडे चालत नाही, तिकडे कानडीची छाया असते, तेही टिपलं जाईल. ज्यांच्याकडून हे टिपायचं त्या बायका माझ्याच वयाच्या किंवा पुढच्या आहेत. मी माझ्यापुरती एक दोनशे पानी वही केली आहे. आजवर एकेचाळीस रोपं झाली, त्यातल्या सहांच्या पुढे शास्त्रीय नावाची जागा कोरी आहे आणि दोघांच्या पुढे मावशींचंही नाव नाही. त्या म्हणतात, 'हे आपल्याकडलं न्हाई बाई, कुठनं तरी आलंय.'

नातेवाइकांपैकी जे सोलापूर, बीड, लातूरकडे आहेत त्यांना एक काम सांगते. कुंजरला तुमच्याकडे काय म्हणतात आणि घेटुळी म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे गुलाबी फूल येतं की पांढरं, एवढं घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला विचारून मला फोन करा. संध्याकाळी पाचनंतर करा, त्याआधी मी अंगणात असते.