पद कधी सोडावे?

‘जुन्या मताचा’ हा शब्द आपल्या घरांतून दोन सुरांत ऐकू येतो. वडीलमंडळी तो अभिमानाने उच्चारतात, तरुणमंडळी किंचित उपहासाने. परंतु अशा माणसाची परीक्षा त्याच्या मतांवरून करावयाची, की त्या मतांपायी त्याने काय सोडले यावरून? हा प्रश्न या महिन्यात वाचकांपुढे ठेवावयाचा आहे, आणि त्यासाठी उदाहरण दूरचे शोधावयास नको. आमचे नेर हे अमरावतीहून यवतमाळास जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. या रस्त्याच्या एका टोकास ज्यांनी शिक्षकाचे काम केले व दुसऱ्या टोकास वकिली केली, ते लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे हेच ते उदाहरण होय.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. संस्कृत विद्येचा व्यासंग, धर्मावर निष्ठा आणि टिळकांवर भक्ती हे त्यांच्या आयुष्याचे तीन धागे. राजकारणात त्यांचा पक्ष प्रतियोगी सहकारितेचा. सरकार जेथे लोकांचे हित करील तेथे त्यास हात द्यावा, जेथे अडवील तेथे आपणही अडवावे, आणि कायदेमंडळ शत्रूच्या हाती मोकळे सोडू नये, असा तो विचार. १९२६ मध्ये जयकर, केळकर व मुंजे यांच्याबरोबर त्यांनी हा पक्ष उभा केला. कायदेभंगाच्या मार्गाकडे अशा माणसाचा मूळचा ओढा नसावयाचा.

तरीही १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात विळा घेऊन गवत कापावयास तेच पुढे झाले. वऱ्हाडात मीठ पिकविण्यास समुद्र नाही. परंतु गुरांच्या चाऱ्यास मोताद झालेला शेतकरी गावोगाव होता. जंगलचा कायदा त्याच्या दाराशी येऊन पोचला होता, म्हणून सत्याग्रहही तेथेच व्हावयास हवा, हे बापूजींनी ओळखले. मार्ग स्वतःच्या आवडीचा नव्हता, परंतु राष्ट्राने तो पत्करल्यावर त्यांनी तुरुंगवास टाळला नाही. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

पुढच्याच वर्षी त्यांनी काँग्रेसच्या श्रेष्ठींशी विरोध पत्करला. १९३२ च्या जातीय निवाड्यास मान्यताही द्यावयाची नाही व तो नाकारावयाचाही नाही, असे काँग्रेसने ठरविले. पंडित मालवीय व बापूजी यांना हा मध्यम मार्ग पटेना. त्यांनी निराळा काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापिला. मतभेद तीव्र होता, परंतु गांधीजींविषयीचा त्यांचा आदर त्यामुळे उणावला नाही.

खरी कसोटी पुढे लागली. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी प्रवेश केला व परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते स्वीकारले. ऑगस्ट १९४२ मध्ये देशाचे पुढारी गजाआड गेले. त्याच महिन्यात चिमूर येथे जमाव खवळला, सरकारी अंमलदार मारले गेले, आणि मागाहून आलेल्या शिपायांनी गावातील स्त्रियांची अब्रू घेतल्याच्या तक्रारी आल्या. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भणसाळी दिल्लीस थेट अण्यांच्या बंगल्यावर जाऊन बसले. चिमूर हे बापूजींच्याच विदर्भातील गाव! तरीही ते पदावर राहिले, आणि भणसाळींना त्रेसष्ट दिवस उपोषण करावे लागले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण आरंभिले व सरकार त्यांस सोडीना, तेव्हा मात्र बापूजींनी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला.

येथे चरित्रकाराच्या भक्तिभावाने लिहून भागत नाही. एका महात्म्याच्या प्राणांसाठी जी खुर्ची सोडली, ती चिमूरच्या निनावी बायाबापड्यांसाठी तीन महिने आधी सोडावयास नको होती काय? आमच्या मते हवी होती. आत राहूनच काही साधेल, ही सहकारितावाद्याची आशा असते. आणि तीच आशा त्यास उठण्याची वेळ चुकवावयास लावते. परंतु वेळ चुकली तरी ते उठले, हेही त्याच न्यायाने लिहिले पाहिजे.

परदेशातही हीच कसोटी दिसते. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट हे अमेरिकेतील जुन्या वळणाच्या राजकारण्यांचे अग्रणी. १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांस फाशीची शिक्षा झाली, तेव्हा गुन्हा घडल्यावर कायदा करून शिक्षा देणे न्यायास धरून नाही, असे त्यांनी उघड सांगितले. लोकमत उसळून विरुद्ध गेले. अध्यक्षपदाची आकांक्षा असतानाही त्यांनी शब्द मागे घेतला नाही, आणि अध्यक्षपद त्यांस अखेरपर्यंत लाभले नाही.

बापूजी पुढे सिंहलद्वीपात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी व १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल झाले. ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, १९६२ मध्ये, वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरून ते नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचा देहान्त झाला. टिळकांच्या चरित्रावरील त्यांच्या ‘तिलकयशोर्णवः’ या संस्कृत काव्यास १९७३ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, परंतु ते घेण्यास कवी उरला नव्हता.

एकत्र कुटुंबातही किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या तरी कमरेस असतोच. तो असणे हा दोष नव्हे. घर चालावयास कोणी तरी तो सांभाळलाच पाहिजे. परंतु माजघरातील ज्या सुनेचे नाव बैठकीत निघत नाही, तिच्यावर अन्याय झाला असता तो जुडगा खाली ठेवण्याची तयारी आहे काय, हे घरातील वडिलांनी स्वतःस विचारावे. आणि तरुणांनीही, ‘जुन्या मताचा’ म्हणून कोणास मोडीत काढण्यापूर्वी, त्याने आजवर काय काय खाली ठेवले याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.