उत्तरभागाचें उत्तरदायित्व

मराठी टीकाकारांची एक जुनी खोड आहे. ज्या ग्रंथाचा खप मोठा त्याजकडे पाहावयाचें नाहीं, आणि ज्या ग्रंथाकडे पाहावयाचें तो कोणी वाचीत नाहीं म्हणून दरसाल हळहळावयाचें. या खोडीमुळें अद्भुत आणि वीर या दोन रसांवर उभारलेली कादंबरी आपल्याकडे परीक्षणाच्या पंक्तींतून कधींच उठविली गेली. वास्तविक हा प्रवाह मराठी कादंबरीइतकाच जुना आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची, आणि नाथमाधवांचा 'वीरधवल' १९१३ सालचा. मध्यंतरीं हरिभाऊ आपट्यांच्या हातून वास्तवाचा पंथ प्रतिष्ठित झाला, तें योग्यच झालें. परंतु तेवढ्यावरून अद्भुताला पोरखेळ ठरवून आपण मोकळे झालों, तें योग्य झालें नाहीं. टीकेनें पाठ फिरविली म्हणून वाचक थांबला नाहीं. तो आज आपली अद्भुताची भूक इंग्रजी ग्रंथांवर, किंवा इंग्रजीवरून मराठींत उतरलेल्या ग्रंथांवर भागवीत आहे.

श्री. अमीश त्रिपाठी यांची शिवकथेवरील तीन भागांची कादंबरी हें याचें ठळक उदाहरण होय. ग्रंथकार मुंबईचे, लेखन इंग्रजी, आणि ग्रंथ मराठी भाषांतरांच्या द्वारें आमच्या धामणगांवासारख्या ठिकाणच्या तरुणांच्या हातीं पोंचलेले. पहिला भाग २०१० सालीं, दुसरा २०११ सालीं व तिसरा २०१३ सालीं निघाला. तिबेटांतून आलेला एक टोळीनायक, मेलुहा नामक राज्याची करडी सुव्यवस्था, आणि कंठ निळा झाल्यामुळें त्या नायकाच्या माथीं आलेलें उद्धारकपद, असा पूर्वभागाचा सांगाडा आहे. येथें विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या भागाचा, म्हणजे 'नागांचे रहस्य' या ग्रंथाचा.

दुसऱ्याच भागाचा कां, हें सांगणें अवश्य आहे. मालिकेचा पहिला भाग कुतूहलावर तरून जातो. जग नवें असतें, नांवें परिचित पण माणसें अपरिचित असतात, आणि वाचक खुशीनें फसतो. शेवटच्या भागाला उपसंहाराचा आधार असतो. मधल्या भागाला असा कोणताच टेकू नाहीं. 'उत्तर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: मागाहून येणारें तें उत्तर, आणि प्रश्नाला दिलें जाणारें तेंही उत्तर. जो उत्तरभाग केवळ पहिल्या अर्थानें उत्तर असतो, तो पूर्वभागाची लांबण होय. जो दुसऱ्या अर्थानेंही उत्तर असतो, तो पूर्वभागानें जें निमूटपणें गृहीत धरलें त्याचा जाब विचारतो. आमची तक्रार अशी कीं, 'नागांचे रहस्य' हा ग्रंथ जाब विचारावयास उभा राहतो खरा, परंतु ऐन वेळीं प्रश्नच बदलतो.

पूर्वभागानें काय गृहीत धरलें होतें? जन्मतःच शरीरांत व्यंग घेऊन येणारे ते नाग. व्यंग हें पूर्वजन्मींच्या पापाचें फळ. म्हणून त्यांना मेलुहांतून हद्दपार करावयाचें. आणि मनूच्या आज्ञेनें निषिद्ध ठरलेल्या नर्मदेच्या दक्षिणतीरापलीकडे त्यांनीं राहावयाचें. पूर्वभागांत ते तोंड झांकून येतात, घात करतात आणि नाहींसे होतात. दुसरा भाग सतीवर चालून आलेल्या अशाच एका नागापासून सुरू होतो, आणि त्याच्या शोधांत नायक काशी, ब्रंग देश व दंडकारण्य असा प्रवास करीत नागांच्या राजधानीस येऊन पोंचतो. वाटेंत त्याला कळतें कीं, तोंड झांकणाऱ्यांपैकीं एक सतीचा पुत्र गणेश असून दुसरी तिची जुळी बहीण काली आहे. मूल मृत जन्मलें असें सतीला तिच्या बापानेंच सांगितलें होतें.

हा पालट लहान नव्हे. वीरकथांतून विद्रूप चेहरा आणि दुष्ट मन यांची जोडी इतकी पक्की बसलेली असते कीं, ती फोडणें हेंच एक धाडस आहे. ज्याला वाचक पांचशे पानें शत्रु समजत आला, त्याच्या चेहऱ्याकडे आई पाहते आणि तिला व्यंग दिसत नाहीं, पुत्र दिसतो. हा प्रसंग ज्यानें लिहिला त्याला प्रतिभा नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें याच्या पुढचें आहे. हद्दपारीचा कायदा अन्यायाचा होता, एवढें साधें वाक्य उच्चारण्याचा प्रसंग आला असतां ग्रंथ तीन वेळां वाट सोडतो.

पहिली पळवाट नात्याची. नागांपैकीं ज्यांचीं मनें आपणांस कळतात, ज्यांच्यासाठीं आपण हळहळतों, ते दोघे राजकुलांतले निघतात. गणेश दक्ष राजाचा दौहित्र, काली त्याची कन्या. म्हणजे अन्याय झाला तो राजरक्तावर! त्याच कायद्यानें ज्या कुंभाराचें, ज्या नावाड्याचें मूल आईच्या कुशींतून ओढून नर्मदेपार टाकलें, त्याची आई या ग्रंथांत ठसठशीतपणें कोठेंच उभी राहत नाहीं. पूर्वभागांतही हेंच झालें होतें. विकर्म नामक अस्पृश्यतेचा कायदा तेथें रद्द होतो. परंतु त्या निकालाच्या मुळाशीं नायकाचें एका विकर्म राजकन्येवरील प्रेम आहे. एकदां घडलें तर तो कथेचा योग म्हणतां येईल; दुसऱ्यांदा घडतें तेव्हां ती ग्रंथकाराची रीत ठरते. उत्तरभागानें या रीतीला प्रश्न करावयाचा होता. त्यानें ती गिरविली.

दुसरी पळवाट सेवेची. आपला परममित्र बृहस्पति याचा घात गणेशानें केला अशा समजुतीनें शिव संतापतो व सतीलाही सोडून जातो. तो निवळतो केव्हां? हिंस्र श्वापदांच्या तावडींतून धाकट्या कार्तिकाला वांचवितांना गणेश स्वतःचें रक्त सांडतो तेव्हां. म्हणजे हद्दपार झालेल्यानें आपल्या माणुसकीचा दाखला प्राण पणाला लावून आणावयाचा, आणि ज्यांनीं हद्दपार केलें त्यांनीं तो तपासून पाहावयाचा. हा न्याय आपल्या समाजाच्या चांगल्या परिचयाचा आहे. गांवाबाहेर ठेवलेल्यानें गांवासाठीं जीव दिला कीं त्याचें स्मारक होतें. जिवंतपणीं त्याला गांवांत घर मिळत नाहीं.

तिसरी पळवाट सर्वांत चतुर आहे. ग्रंथाच्या अगदीं शेवटच्या पानावर नायकाला पंचवटींत बृहस्पति जिवंत भेटतो! वाचक दचकतो, टाळी पडते, आणि तिसऱ्या भागाची मागणी नोंदविली जाते. परंतु या टाळीच्या आवाजांत एक गोष्ट हरवते. ज्या अपराधाबद्दल नायकानें मोठ्या मनानें गणेशाला जवळ केलें, तो अपराध घडलाच नव्हता. मग ती क्षमा कसली? जिला कांहींच मोल द्यावें लागलें नाहीं अशा क्षमेनें कोणाचें अंतःकरण मोठें होतें? पुढें तिसऱ्या भागांत तर सर्व दोष सोमरसाच्या माथीं जातो. त्याच्याच वापरानें व्यंगें उपजतात, त्याच्याच गाळानें ब्रंग देश रोगानें पोखरतो. पेय दुष्ट ठरलें कीं माणसें सुटलीं. व्यंगाचें कारण सोमरस असेल. पण व्यंग असलेल्या मुलाला टाकून देण्याचें कारण सोमरस नव्हे, तो कायदा होय, आणि कायदा माणसांनीं केलेला असतो.

कोणी म्हणेल, रंजनासाठीं लिहिलेल्या कादंबरीकडून आपण फार मागतां. आम्ही कोणतीही नवी मागणी करीत नाहीं. ही मागणी याच विदर्भाच्या एका कवीनें आठव्या शतकाच्या सुमारास पुरी करून दाखविली आहे. भवभूति आपलें मूळ गांव विदर्भांतील पद्मपूर म्हणून सांगतो. तें आमगांवजवळचें, असें म. म. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. त्यानें 'महावीरचरित' लिहिलें; त्यांत रामाचा पराक्रम आहे आणि शेवटीं राज्याभिषेक आहे. मग त्याच नायकावर त्यानें दुसरें नाटक लिहिलें, 'उत्तररामचरित'. येथें राक्षस मेलेले आहेत, सेतु बांधून झाला आहे, जिंकावयास कांहीं उरलेलें नाहीं. उरला आहे तो नायकानें स्वतः केलेला अन्याय. तिसऱ्या अंकांत राम पंचवटीस येतो. तेथें त्याला कोणी मेलेला मित्र जिवंत होऊन भेटत नाहीं. भेटते ती वासंती नांवाची वनदेवता, आणि ती राजाला राजा न म्हणतां जाब विचारते. ज्या स्त्रीला टाकलें ती अदृश्य होऊन जवळ उभी आहे. ती त्याचा शोक ऐकते, पण आपली निर्दोषता सिद्ध करावयास तेथें तिला रक्त सांडावें लागत नाहीं. दोषी कोण हें कवीनें अगोदरच ठरविलें आहे.

भवभूतीचा हिशेब सर्वस्वीं चोख आहे असेंही नव्हे. दुसऱ्या अंकांत शंबूकावर हात उगारतांना राम कचरतो, स्वतःच्या हाताला टोंचून बोलतो, परंतु वार करतोच. आणि कवि शंबूकाला दिव्य देह देऊन तें प्रकरण मिटवितो. ही पळवाटच होय. तथापि एवढें निर्विवाद आहे कीं, त्या उत्तरभागांत पूर्वभागाचा नायक आरोपीच्या जागीं उभा राहतो. आधुनिक शिव सबंध तीन भागांत न्यायाधीशाच्या आसनावरून खालीं उतरत नाहीं. तो चुकतो, रागावतो, परंतु निकाल देण्याचा अधिकार त्याचाच राहतो.

हा वाद आम्ही वऱ्हाडांत बसून कां घालतों, याचेंही कारण आहे. कथेंतील मनूची आज्ञा खरी मानली, तर नर्मदेच्या दक्षिणेकडील आम्ही सारे निषिद्ध भूमींतले ठरतों. जुन्या कथाकारांना ही भूमि अशी ओसाड दिसली नव्हती. अगस्त्याची लोपामुद्रा विदर्भाची, नळाची दमयंती विदर्भाची; आणि रुक्मिणीचें माहेर म्हणून सांगितलें जाणारें कौंडिण्यपूर तर धामणगांवापासून फार दूर नाहीं, वर्धेच्या कांठीं आजही उभें आहे. 'नाग' हाही शब्द येथें निव्वळ कल्पनेचा नाहीं. विदर्भाच्या वाकाटक राजांच्या ताम्रपटांत भारशिव कुळांतील भवनागाचा उल्लेख येतो. पहिला रुद्रसेन हा त्याचा दौहित्र. हे भारशिव शिवलिंग आपल्या खांद्यावर वाहत असत असें ते ताम्रपट सांगतात. इतिहासांतल्या नागांनीं शिवाला खांद्यावर घेतलें. कादंबरींतल्या नागांना मात्र शिवानें हात देऊन वर उचलावें लागतें. पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरास धम्मदीक्षा घेतली, आणि दुसऱ्या दिवशींच्या भाषणांत त्या स्थळाची निवड समजावून देतांना बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या प्राचीन नाग लोकांचें स्मरण केलें. कोणाच्या उदार निकालाची वाट न पाहतां लक्षावधि माणसांनीं आपली हद्दपारी आपणच संपविली, ती या भूमींत. त्या माणसांचीं नातवंडें आज आमच्या वर्गांत बसतात आणि हीच कादंबरी मोठ्या आवडीनें वाचतात. नाग राजपुत्र निघाला म्हणून निर्दोष ठरला, ही शिकवण त्यांच्या हातीं ठेवून आपण गप्प राहावें काय?

ग्रंथकाराला कल्पनेचें स्वातंत्र्य आहे, असा आक्षेप येईल. तें आहेच, आणि तें हिरावून घ्यावें असें आम्हांस स्वप्नांतही वाटत नाहीं. पुराणकथा आपल्याकडे प्रत्येक पिढीनें नव्यानें सांगितली, आणि ती सांगण्यास कोणाचा परवाना कधीं लागला नाहीं. परंतु जो ग्रंथकार गणेश आणि काली हीं नांवें घेतो, तो त्या नांवांमागें असलेली कोट्यवधि लोकांची भक्तिही आपल्या भांडवलांत जमा करतो. एवढें भांडवल घेणारानें हिशेब मागितल्यावर 'ही तर गंमत आहे' म्हणून सुटूं नये.

खरा रोष मात्र ग्रंथकारावर नसून आमच्याच टीकाकार बांधवांवर आहे. श्री. त्रिपाठी यांनीं निदान प्रश्नाच्या दारापर्यंत तरी वाचकाला नेलें. ज्यांनीं त्या दारांतून पुढें जावयाचें, तें साहित्य मराठींत लिहिलें जावें म्हणून ज्यांनीं कसोट्या घडवावयाच्या, ते अद्भुताचें नांव काढतांच नाक मुरडतात. खपाऊ ग्रंथाची स्तुति करा असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला उत्तरदायी धरा असें म्हणतों. निंदा करण्यापुरता सुद्धां जो ग्रंथ आपण वाचीत नाहीं, त्याच्या लेखकाला सुधारण्याचें कारणच राहत नाहीं.

वऱ्हाडांतला एखादा तरुण लेखक उद्यां दंडकारण्यावर वीरकथा रचावयास बसेल. त्याच्या पहिल्या भागांत लढाया असोत, मायावी अरण्यें असोत, हवें तेवढें अद्भुत असो. दुसऱ्या भागांत मात्र त्यानें नर्मदेपार टाकलेल्या त्या कुंभाराच्या मुलाला राजपुत्र न करतां, त्याच्या स्वतःच्या नांवानें बोलूं द्यावें. आणि उत्तर द्यावयास नायकाला त्याच्यासमोर उभें करावें.