छोट्या गाडीमागे ट्रेलर लावण्याआधी

मिरग तीन आठवड्यांवर आलाय. खड्डे खणून झाले, शेणखत पडलं, आता कलमं आणायची घाई आहे.

परवा शेजारच्या गावचा एक पोरगा घरी आला. दोन एकर उरलीय त्याच्याकडे, बाकीची आजोबांच्या वेळी सिडकोच्या संपादनात गेली. मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "काका, हे बघा. अमेरिकेत एवढुश्या गाडीमागे भाड्याचा ट्रेलर लावून माणूस आख्खं घर हजार-दोन हजार किलोमीटर नेतो. मग आपण दापोलीवरून कलमं नाय आणू शकत? हूक मारून देणारा वेल्डर ओळखीचा हाय."

मी त्याला चहा दिला आणि माझ्या गाडीच्या मागे नेऊन बंपरखालचे वेल्डिंगचे दोन वण दाखवले. तिथे माझाही हूक होता. तो कशासाठी मारला आणि कशासाठी कापून काढला, हे मी आजवर फार लोकांना सांगितलेलं नाही. आता लिहितो.

आधी एक कबूल करतो. पोराची गरज खरी आहे, त्याला कोणी हसू नये. पनवेल तालुक्यात आता कुणाची दोन एकर, कुणाची तीस गुंठे. एवढ्यासाठी ट्रॅक्टर घेऊन करायचं काय? पॉवर टिलरला ट्रेलर लागतो, पण तो गावातल्या गावात, शेतातून घरापर्यंत. खार जमीन संशोधन केंद्रातून पनवेल-३ चं बियाणं आणायचं तर दोन पिशव्या डिकीत बसतात. प्रश्न येतो तो मधल्या वजनाच्या मालाचा. तीनशे किलो, चारशे किलो. मोटारसायकलवर जात नाही, आणि त्याच्यासाठी छोटा हत्ती करावा तर तो पाऊण टनाचं भाडं मागतो, वर जातानाच्या रिकाम्या फेरीचंही. त्याचंही बरोबर आहे, त्याला डिझेल काय फुकट मिळतं? पण कलमाच्या किमतीइतकाच खर्च जर ते कलम आणायला येत असेल तर लावणारा मागे हटतो.

मीही असाच हिशेब केला होता. कशेडीचा बोगदा तेव्हा सुरू झाला नव्हता. विद्यापीठाच्या भागातून, म्हणजे दापोलीहून, ऐंशी आंब्याची कलमं आणि पंधरा नारळाची रोपं आणायची होती. एका फॅब्रिकेशनवाल्याकडे एका धुरीचा छोटा ट्रेलर भाड्याने मिळत होता. दोन चाकं, लोखंडी डबा, पुढे दांडी, दांडीला पिन. ना ब्रेक, ना मागे दिवा, ना नंबर. माझी गाडी आठशे सीसीची. त्याने अर्ध्या तासात हूक मारला, ट्रेलर अडकवला, दोन हातांनी हलवून दाखवला आणि म्हणाला, "बिनधास्त जा, आरामात ओढते."

आणि ओढली की! जाताना रिकामा ट्रेलर मागे खडखडत आला, कर्नाळा गेला, पेण गेलं, वडखळ, माणगाव, महाड, कशेडी चढून खेडवरून दापोली. मी खूश. बरोबर पुतण्या होता, तेव्हा एकोणीस वर्षांचा. भाऊ म्हणाला होता, याला घेऊन जा, रोपवाटिका बघू दे.

भरताना चूक झाली, आणि ती माझी होती. आधी आंब्याची कलमं पुढून लावत आणली. पिशव्यांना नुकतंच पाणी दिलेलं, म्हणजे वाटेत मुळं सुकायला नकोत. ते योग्यच, पण ओली पिशवी किती जड होते हे कलमं उचलणाऱ्यालाच विचारा. नारळाची रोपं शेवटी आली, त्यांच्या झावळ्या कलमांवर नकोत म्हणून ती सगळी मागच्या फळीला टेकवून उभी केली. नारळासकट रोप, खाली मातीची पिशवी. जड माल सगळा मागे.

बैलगाडी हाकलेला माणूस हे वाचून एव्हाना कपाळाला हात लावून बसला असेल. मागे भरलेली गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, हे आमच्या आजाने मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. पण खाली टायर आणि पुढे इंजिन आलं की आपल्याला वाटतं, जुना नियम संपला.

सपाटीला काही कळलं नाही. खेडच्या बाजूने घाट चढताना गाडी नुसती दमली, दुसऱ्या गिअरवर रडत रडत वर आली. माथ्यावर थांबून पाणी प्यायलो. मग पोलादपूरच्या बाजूचा उतार लागला आणि पावसाची भुरभुर. गाडी तिसऱ्यात होती. उताराला वेग वाढला तसा पुतण्या मागे बघून म्हणाला, "काका, डबा नाचतोय."

आरशात बघितलं तर ट्रेलर डावी-उजवी करत होता. आधी वीतभर, मग हातभर. त्याच्याबरोबर माझ्या गाडीची मागची बाजू पण हलायला लागली, स्टेअरिंग हलकं पडलं. मी केलं ते, जे कोणीही करेल: ब्रेक दाबला. तिथेच बिघडलं. गाडीला ब्रेक आहे, ट्रेलरला नाही. गाडी थांबायला बघते, मागचं पाचशे किलो थांबत नाही, ते तिला ढकलतं. सरळ ढकललं तर एक वेळ ठीक, तिरकं ढकललं की गाडी आणि ट्रेलर अडकित्त्यासारखे मिटतात. समोरून वळणावर ट्रक येत होता. दरी उजव्या हाताला होती. मी ब्रेक सोडला, स्टेअरिंग डोंगराकडे घेतलं आणि डावं चाक गटारात घातलं. एक मोठा आवाज झाला. पिन निसटली, ट्रेलर सुटला, आमच्याच मागच्या दरवाजाला आपटून गटारात आडवा झाला. साखळी नव्हतीच. तो डावीकडे न जाता उजवीकडे गेला असता तर समोरच्या ट्रकखाली किंवा एखाद्या मोटारसायकलवाल्यावर. पुतण्याच्या कपाळाला दोन टाके पडले. भावाला आम्ही सांगितलं, रोपवाटिकेत दगडावर घसरला. खरं सांगायला मला दोन वर्षं लागली. तो काहीच बोलला नाही, नुसता उठून गोठ्यात गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

समोरचा ट्रकवाला थांबला होता. साताऱ्याकडचा असावा बोलण्यावरून. त्याने रस्त्यावर पडलेली नारळाची रोपं बाजूला केली, ट्रेलरकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, सगळा बोजा मागं भरलाय. उलाळ झालीय गाडी तुमची." आमच्या आजाचाच शब्द.

नंतर मी या विषयाच्या मागे लागलो, तेव्हा कळलं की त्या व्हिडिओतल्या माणसांना हा नियम पाठ असतो. अमेरिकेतली यू-हॉल ही भाड्याने ट्रेलर देणारी कंपनी १९४५ पासून हाच धंदा करते. ती गिऱ्हाइकाला सांगते की साठ टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात भरा आणि ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरच्या वर जाऊ नका. जर्मनीत ट्रेलर लावलेल्या मोटारीला सर्वसाधारणपणे ताशी ८० ची मर्यादा आहे, तीही त्यांच्या रस्त्यांवर. ब्रिटनमध्ये ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर मालासकट त्याचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या आत लागतं, आणि गाडी कितीही मोठी असली तरी ७५० किलोच्या वर चालत नाही. माझी गाडी साडेसातशे किलोच्या आसपास. म्हणजे त्यांच्या हिशेबाने पावणेचारशे किलोवर थांबायला हवं होतं. माझ्यामागे ट्रेलरचं लोखंड धरून पाचशेच्या वर होतं, आणि पुढे कशेडी घाट.

फॅब्रिकेशनवाला खोटं बोलला नव्हता. गाडी ओढते. आपण सगळे एवढंच विचारतो: ओढेल का? इंजिन किती, हॉर्सपॉवर किती? ट्रॅक्टर घेतानाही तेच. उताराला ओल्या रस्त्यावर मागचं वजन थांबेल कशाने, हे मी विचारलं नाही आणि तोही बोलला नाही.

कागदाचं पण सांगतो, कारण इथे लोकांना वाटतं ट्रेलर म्हणजे नुसता डबा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. कलम ६१ बघा: ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूवर हवा आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबर हवा. कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, मग वेल्डरने अर्ध्या तासात मारलेल्या हुकाचं काय? विम्याच्या कागदात ट्रेलरची नोंद नसेल तर अपघातानंतर कंपनी आधी तेच पान उघडते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. चांगलं झालं, पण तो लायसनचा प्रश्न. काहीजण त्याचा अर्थ "आता मागे काहीही लावा" असा करतात, तसं नाही. त्या दिवशी माझा ट्रेलर कुणावर गेला असता तर विकायला माझ्याकडे जमिनीशिवाय दुसरं काही नव्हतं.

आणि मोटारवाल्या पोराला उपदेश करताना आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांकडेही बघावं. किती ट्रॉल्यांना ब्रेक आहे? किती जणांच्या मागे दिवा लागतो? पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालून भाताचे भारे आणणारे मी ओळखतो. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे म्हणून आपण चिडतो, पण गोवा हायवेवर अंधारात बिनदिव्याची ट्रॉली समोर आली की आपलाच पाय ब्रेकवर जातो.

मग उपाय काय? माझं मत असं, कोणाला पटो न पटो. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात अवजारं भाड्याने देणाऱ्या केंद्रांना अनुदान आहे. रोटाव्हेटर मिळतो, भात कापायचं यंत्र मिळतं. पण माल हलवणं हे शेतीचं काम नाही असं जणू धरलेलं आहे. लहान शेतकऱ्याचा पैसा वाहतुकीत जातो, मग अशा केंद्रात अर्ध्या टनाचे दोन ट्रेलर का नसावेत? नोंदणी झालेले, विमा उतरवलेले, स्वतःचा ब्रेक, दिवे आणि साखळी असलेले. ते जीप, पिकअप किंवा मिनी ट्रॅक्टरलाच द्यायचे, आठशे सीसीच्या मोटारीला नाही. देताना भरायचं कसं हे दहा मिनिटं दाखवायचं. कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले जे साहेब लोक या नोंदी वाचतात त्यांनी हा विषय एकदा बैठकीत काढावा. भाड्याने देणारा जबाबदार असेल तर घेणारा शिकतो. माझ्या फॅब्रिकेशनवाल्याला मी एकट्याला दोष देत नाही, नियम त्यालाही कोणी सांगितला नव्हता.

ज्यांच्याकडे आज जीपमागे लावायचा कागदपत्रांसकटचा ट्रेलर आहे त्यांनी एवढं तरी करा. जड माल धुरीच्या जरा पुढे ठेवा, दांडीवर थोडा भार आलाच पाहिजे. पिनेला क्लिप आणि शिवाय दोन साखळ्या, खालून एकमेकींवरून फुली मारून. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर, उतारात शिरल्यावर नाही. डबा नाचायला लागला तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, ब्रेकवर उभं राहू नका. रिव्हर्सची सवय मोकळ्या शेतात करा, कारण स्टेअरिंग डावीकडे तर ट्रेलर उजवीकडे जातो, आणि बाजारात ते आठवत नाही.

त्या पोराला मी हूक मारू नको म्हणालो. तो जरा नाराज होऊन गेला, पण आज सकाळी त्याचा फोन आला. त्याची चाळीस, माझी साठ आणि पेणच्या एकाची तीस कलमं असा हिशेब धरून आम्ही एकच छोटा हत्ती ठरवतोय, मिरगाआधीच्या बुधवारी. दापोलीहून परत येताना बोगद्यातून येणार. अजून पंचवीस-तीस कलमांची जागा आहे. पनवेल-पेण पट्ट्यात कुणाला आणायची असतील तर रविवारपर्यंत सांगा, भाडं कलमांच्या संख्येप्रमाणे वाटून. नारळाची रोपं असतील तर तीही चालतील, पण ती मी पुढे, केबिनच्या मागे लावणार.