जुन्या पाकिटांवरचे राजे

मंडळी, आपल्या मच्छेत जुनी कौलारू घरं पाडून स्लॅबची होत आहेत. माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या होतात आणि जुनी पत्रं थेट रद्दीत जातात. देण्याआधी त्यावरची तिकिटं तरी बघा की!

त्यात राजे आहेत, राण्या आहेत. झाशीच्या राणीचं तिकीट १९५७ चं. शिवाजी महाराजांचं १९६१ चं, शिवाय राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली म्हणून १९७४ ला निघालेलं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं १९७७ चं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं १९७९ चं.

काहीजण म्हणतात, अल्बमात फक्त आपले राजे लावायचे, चन्नम्मा 'त्यांच्या'. मला हे पटत नाही. कित्तूर आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि १८२४ साली ती बाई इंग्रजांशी लढली. मराठीचा हक्क आपण सोडणार नाहीच, त्यासाठी भांडूच. पण पोरांच्या अल्बमात कशाला सीमा आखायची? तिकिटं साल बघून लावा, भाषा बघून नको.

आणि एक. घरच्या पत्रावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका, अख्खं पाकीट ठेवा. सुटं तिकीट आजही विकत मिळेल. पण शिक्क्यातलं जुनं 'बेळगाव', त्याखालची तारीख आणि पत्त्यातलं आजोबांचं अक्षर कुठल्या दुकानात मिळणार?

कुणाच्या ट्रंकेत काय निघालं, जरूर सांगा.